मागच्या सीटचा बेल्ट

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, तुमच्या गाडीतली ती बेल्टच्या बकलात अडकवलेली, बेल्ट न लावताच त्याचा अलार्म बंद करणारी नुसती क्लिप मी पर्समध्ये टाकून पुण्याला आणलीय. शोधू नका. "टूं टूं ऐकून डोकं उठतं" हे मान्य, पण ते टूं टूं बंद करायला पट्टा लावणं हा उपाय आहेच की! असल्या क्लिपांची ऑनलाइन विक्री २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने बंद करायला लावली, ती काही उगाच नाही.

तुमचं म्हणणं मला पाठ आहे. वडापच्या जीपला लोंबकळत कोरेगावची नोकरी केलीत. पुढे सेकंडहँड मारुती ८०० आली, तेव्हा मी दोन सीटांच्या मधे उभी राहून यवतेश्वरचा घाट चढायचे. कुणाला काही झालं नाही. पण तेव्हा गाड्या किती आणि वेग तो काय! आता हायवेला लागलात की तुम्हीच नव्वदच्या खाली येत नाही.

"गाडी पेटली तर अडकून पडू" हा तुमचा हुकमाचा एक्का. अहो, पेटणाऱ्या गाड्या थोड्या, धडकणाऱ्या ढीगभर. आणि पेटलीच, तर दार उघडायला माणूस शुद्धीवर नको का? एअरबॅगचंही तेच. बेल्टने अंग मागे धरलंय हे गृहीत धरून ती बनवलेली असते. मोकळा माणूस तिच्यावर आपटला, तर तीच इजा करते.

दंडाची भीती मात्र तुम्हाला बरोबर कळते. २०१९ च्या कायद्यात तो हजार रुपये झाल्यावर आनेवाडीचा टोलनाका दिसला की पट्टा छातीवर ओढून हातात धरता. पोलिसाला फसवाल हो, ब्रेकला कसं फसवणार?

आई, आता तू. "मागे कोण लावतं बेल्ट?" सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले, ते मागच्याच सीटवर होते. त्या गाडीत पुढचे दोघे जखमी होऊन वाचले. मागच्या दोघांनी बेल्ट लावले नव्हते, ते गेले. धडकेत मागचं माणूस पुढच्या सीटवर आदळतं, म्हणजे तू बाबांच्या पाठीवर. ताशी ५० किलोमीटरला गाडी आपटणं म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून, साधारण १० मीटरवरून पडणं. चिनूला मांडीवर घेऊन "मी घट्ट धरते" म्हणतेस ना? त्या झटक्यात दहा किलोचं पोर कित्येक पटींनी जड होतं. पैलवानाच्याही हातात राहायचं नाही.

शनिवारी येतेय. तुमच्या नव्या सीटकव्हरखाली मागची बकलं गाडली गेलीत, ती कव्हर कापून वर काढणार आहे. बाबा, कुरकुर चालणार नाही. आई, खालचा पट्टा पोटावर नको, कमरेच्या हाडावर यायला हवा. वरचा गळ्याला घासतो म्हणतेस, तो कुठे घासतो ते बसून बघू. चिनूची सीटही घेऊन येतेय, ती तुमच्याच गाडीत राहील.

तुमची,
सुमी