गिअरबॉक्सची घाई करू नका

ती. आई-बाबांना सा. न.

बाबा, आपल्या ऑटोमॅटिक गाडीबद्दल काल फोनवर तुम्ही म्हणालात, "एक जुना गिअरबॉक्स मिळतोय, बसवून टाकतो." तेव्हापासून जिवाला स्वस्थता नाही, म्हणून लिहायला बसले.

आधी आपला खरंच गेलाय का, ते बघू. डी, म्हणजे पुढे जायचा गिअर, टाकल्यावर गाडी क्षणभर अडून दचका देते, एवढ्यावरून तो संपला असं होत नाही. ऑइल कमी असेल, सोलेनॉइड (आतल्या ऑइलची वाट उघडझाप करणारी विजेवरची झडप) अडकत असेल, नुसती वायरही सैल असेल. गिअरबॉक्सची डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, पांढऱ्या फडक्यावर पुसून बघा. ऑइल लालसर, स्वच्छ असलं तर आशा आहे. काळपट आणि जळक्या वासाचं असलं तर आतल्या क्लच प्लेटा जळत असणार. मग गिअरबॉक्सच्या खालचं ऑइलचं पॅन उघडायला लावा. त्यातल्या लोहचुंबकावर राखाडी, मऊ लगदा साचलेला असतोच, त्याला घाबरू नका. धातूचे कपचे निघाले तर मात्र काम मोठं आहे.

बदलायचीच वेळ आली तर भंगारातल्या गाडीतला नको. तो किती चाललाय, त्याचं ऑइल कधी बदललं, कोण सांगणार? पडून पडून आतले रबरी सीलही कडक होतात. त्यापेक्षा आपलाच उघडून प्लेटा, सील, बुश नवे घालणारा जाणता कारागीर मिळाला तर मला तेच बरं वाटतं. कारखान्यातून नव्याने बांधून, तपासून आलेला आणखी निर्धास्त, पण महाग. तो घेतलात तर गिअरबॉक्सवरच्या पाटीचा कोड जुळवा. मॉडेल तेच असूनही गिअर रेशो नि सेन्सर वेगळे निघतात. वॉरंटीत उतरवण्या-चढवण्याची मजुरी धरलीय का, तेही लिहून घ्या.

आणि गिअरबॉक्सचं ऑइल थंड करणारा कूलर! माझ्या गाडीला दुसरा गिअरबॉक्स बसवला आणि काही महिन्यांत पुन्हा गिअर सुटायला लागले. पहिल्याचा चुरा कूलरमध्ये आणि नळ्यांत तसाच होता, तो सगळा नव्यात उतरला. कुणी धुतलंच नव्हतं. म्हणून कूलर नवा घाला, निदान समोर उभं राहून धुऊन घ्या. टॉर्क कन्व्हर्टरही (इंजिनाचा जोर गिअरबॉक्सला देणारा भाग) जुना परत चढवू देऊ नका, चुरा त्यातही बसतो. ऑइल गाडीच्या पुस्तकात दिलंय तेच.

आई, तू म्हणतेस गाडी विकून टाका. इंजिन ठणठणीत आहे, पत्रा कुठे सडलेला नाही, मग एवढा खर्च तिच्यावर करण्यासारखा आहे. शिवाय हिला क्लच दाबावा लागत नाही; पूर्वी तो दाबताना तुझा डावा गुडघा कसा भरून यायचा, ते मी विसरलेले नाही.

तोवर गाडी चालवू नका, आणि गॅरेजला दोर लावून ओढतही नेऊ नका. इंजिन बंद असलं की गिअरबॉक्सचा पंप फिरत नाही, चाकं मात्र आतले भाग कोरडेच फिरवत राहतात. ट्रकवर चढवूनच न्या. शनिवारी मी येतेय, पॅन मी आल्यावरच उघडू.

तुमची लेक