पुरात राबलेल्या पोरांना नोकरीच्या दारापर्यंत पोहोचवू या

सप्रेम नमस्कार,

कृष्णाकाठच्या आपल्या गावात पावसाळ्यात सकाळी उठल्यावर पहिला प्रश्न एकच असतो, "आयर्विनला किती फूट?" सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ वर गेलं की धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये ते ५७ फुटांच्याही वर चढलं. त्याच महिन्यात ८ तारखेला ब्रह्मनाळला पुरातून माणसं बाहेर काढणारी बोट उलटली आणि माणसं बुडाली. पाण्यातून माणसं काढायला नुसती छाती असून भागत नाही, ते काम शिकावं लागतं, ही गोष्ट त्या दिवशी आमच्या मंडळातल्या प्रत्येकाच्या मनावर कोरली गेली. तेव्हापासून आपली पोरं दोर टाकायला, गाठी मारायला, बोट चालवायला आणि बेशुद्ध माणसाला सांभाळायला शिकली. २०२१ ला पाणी पुन्हा आलं तेव्हा ती तयार होती.

आज हे पत्र लिहितोय ते पुरासाठी नाही, पूर ओसरल्यावर या पोरांचं काय होतं त्यासाठी.

२०२१ च्या जुलैमध्ये गावातली माणसं उंचावरच्या शाळेत हलवली होती. छावणीची नोंदवही सांभाळायला बारावी झालेली आपल्याच गावातली एक मुलगी बसली. पहिल्याच रात्री गोंधळ झाला. एकाच नावाआडनावाची तीन-तीन माणसं, शिधा एकाला दोनदा गेला आणि दुसरा उपाशी राहिला. तिने रात्रीत नवी वही आखली. नावापुढे रेशनकार्डाचे शेवटचे चार आकडे, मग घरात माणसं किती, तान्ही मुलं किती, बीपी-शुगरच्या गोळ्या कुणाला, जनावरं किती आणि ती कुठे बांधलीत. इन्सुलिन घेणाऱ्यांचं पान तिने वेगळं काढलं, कारण लाईट नव्हती आणि ते औषध थंड ठेवायचं होतं. बर्फाची पेटी मागवा म्हणून तिने मंडळाच्या मागे लागून आमचं डोकं खाल्लं, आणि बरं झालं खाल्लं. नऊ दिवस ती वही एकही खाडाखोड न होता चालली.

पुढच्या वर्षी तीच मुलगी मिरजेला एका रुग्णालयात नोंदणी कक्षाच्या जागेसाठी मुलाखतीला गेली. "अनुभव?" असं विचारल्यावर ती म्हणाली, "काही नाही." घरी येऊन तिने हे सांगितलं तेव्हा आम्हा सगळ्यांनाच चटका बसला. रुग्णालयाची काही चूक नव्हती. चूक आमची होती. नऊ दिवस छावणी चालवणं हा अनुभव असतो, तो कागदावर कसा मांडायचा, समोरच्याला दोन वाक्यांत कसा सांगायचा, हे आम्ही तिला कधी शिकवलंच नव्हतं. हार घालून, नारळ देऊन सत्कार तेवढा केला.

बोटीचं इंजिन बघणाऱ्या पोराचंही तेच. इंजिनात पाणी गेलं तर प्लग काढून, आतलं पाणी झटकून, सुकवून, पेट्रोल बदलून ते पुन्हा चालू कसं करायचं, हे त्याला अंधारातसुद्धा जमतं. पण आयटीआय झालेलं नाही, म्हणून कुपवाड एमआयडीसीत तो गेटवरूनच परत येतो आणि उसाच्या हंगामात ट्रॅक्टरवर जातो. ट्रॅक्टरवर जाण्यात कमीपणा काहीच नाही. पण त्याच्या हातात जी कला आहे तिचा पगार त्याला मिळायला हवा.

म्हणून मंडळाने ठरवलंय की येत्या चार महिन्यांत ३० मुला-मुलींची एक तुकडी तयार करायची. निम्म्या मुली. वर्ग संध्याकाळी, डेअरीला दूध घालून झाल्यावर, म्हणजे कुणाच्या घरचं काम अडायचं नाही.

प्रथमोपचार सगळ्यांनाच. छातीवर दाब कसा द्यायचा, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल, हे तोंडपाठ असून उपयोग नाही, सरावाच्या बाहुलीवर घाम येईपर्यंत केल्याशिवाय हात बसत नाही. मिरजेसारखं दवाखान्यांचं गाव शेजारी असताना हे शिकलेल्या पोरांना वॉर्डात, रुग्णवाहिकेवर काम मिळू शकतं. ज्यांना टेबलाचं काम हवंय त्यांच्यासाठी एमएस-सीआयटी आणि मराठी टंकलेखन. सरकारी लिपिकाच्या बहुतेक जागांना मराठी टायपिंगचं मिनिटाला ३० शब्दांचं प्रमाणपत्र मागतात, आणि आपल्या पोरी अभ्यासात पुढे असून नेमक्या तिथे अडतात. ज्यांच्या हातात आधीच काम आहे, इंजिन, वायरिंग, वेल्डिंग, त्यांच्यासाठी वेगळा रस्ता आहे. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत, काम कुठेही शिकलेलं असो, येत असलेल्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय केलेली आहे. त्या परीक्षेसाठी पोरांची तयारी करून घ्यायची, कागद जमवायचे आणि त्यांना तिथवर न्यायचं, हे मंडळ करील. १८ ते ४० वयाच्या स्वयंसेवकांसाठी शासनाचं 'आपदा मित्र' हे आपत्तीत मदत करायचं प्रशिक्षण असतं, त्यासाठीही नावं पाठवू.

आणि दर शनिवारी फक्त बोलायचा वर्ग. बायोडाटा लिहायचा, मुलाखतीला बसायचं, "पगार किती अपेक्षित आहे?" या प्रश्नाला मान खाली न घालता उत्तर द्यायचं. मला विचाराल तर चार महिन्यांतला सगळ्यात महत्त्वाचा वर्ग हाच. आपली पोरं पाण्याला भीत नाहीत, पण टेबलापलीकडच्या माणसाला भितात.

आता खर्च. वापरलेले पण चांगल्या अवस्थेतले पाच संगणक ९०,००० रुपये, प्रथमोपचाराच्या सरावाच्या बाहुल्या १५,०००, कोर्स आणि परीक्षांची फी १,०५,०००, जाण्या-येण्याचं एसटीचं भाडं ३०,०००. एकूण २,४०,००० रुपये. म्हणजे एका मुलामागे ८,०००. यंदा गणपतीत पोरांनी स्वतःच डीजे नको म्हटलं आणि ते ६५,००० रुपये बाजूला ठेवलेत. उरलेले १,७५,००० आपल्याकडे मागतोय.

पुण्या-मुंबईला, बेंगळुरूला, परदेशात असलेल्या गावकऱ्यांनी एका मुलाचा पूर्ण खर्च उचलला तर फार मोठं काम होईल. माहेरवाशिणींनी मिळून एका मुलीची जबाबदारी घ्यावी, ही खास विनंती. गावात राहणाऱ्यांनी १०० रुपये दिले तरी त्याची पावती तेवढ्याच मानाने फाडली जाईल. मंडळ नोंदणीकृत आहे, पण आयकरात ८०-जीची सवलत आमच्याकडे नाही, हे आधीच सांगतो. हिशेब दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या फलकावर लागेल, रुपया न् रुपया.

पैशाखेरीजही मागणं आहे. ऑफिसात नवे संगणक आले असतील तर जुने फेकू नका, आम्हाला कळवा. कुणी निवृत्त नर्सताई, वायरमन, बँकेतले साहेब असतील तर महिन्यातून दोन संध्याकाळी द्या. चहा मंडळाचा, बाकी मानधन देण्याची आमची ऐपत नाही. कारखान्यात, दवाखान्यात नोकरमाणसं निवडायचं काम करणाऱ्यांनी एका शनिवारी येऊन पोरांच्या खऱ्यासारख्या मुलाखती घ्याव्यात. कडक घ्या. इथे चुकली तर चालेल, तिथे चुकायला नकोत. आणि ज्यांची स्वतःची वर्कशॉप आहेत त्यांनी एखाद्या पोराला दोन महिने हाताखाली ठेवून बघावं. पटला नाही तर परत पाठवा, आम्ही वाईट वाटून घेणार नाही.

ज्या मुला-मुलींना तुकडीत यायचंय त्यांनी दहावी-बारावीची गुणपत्रिका, आधारकार्ड आणि दोन फोटो घेऊन यावं. पुरात किंवा इतर वेळी गावासाठी काय काम केलं ते एका कागदावर स्वतःच्या अक्षरात लिहून आणा. त्या कागदाला मार्क नाहीत, शुद्धलेखन बघणार नाही, पण तो कोरा आणू नका. शिक्षण अर्धवट सुटलेल्यांनीही यावं.

देणगी आणि नावनोंदणी मंडळाच्या कार्यालयात, मारुती मंदिराशेजारच्या वाचनालयाच्या खोलीत, रोज संध्याकाळी सात ते नऊ. बाहेरगावच्यांनी आपल्या घरच्यांकडे रक्कम दिली तरी चालेल, पावती त्याच नावाने मिळेल. टेबलावर नोंदणी करायला तीच छावणीची वही सांभाळणारी मुलगी बसते. पहिल्या तुकडीत तिचंही नाव आहे.

आपले,
मंडळाचे सर्व कार्यकर्ते