‘हॉस्पिटल कॅश’मधले कुटुंब म्हणजे नेमके कोण?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रुग्णालयात दाखल असेपर्यंत दर दिवसाला ठरावीक रक्कम देणारी ‘हॉस्पिटल कॅश’ पॉलिसी आता आमच्या मिरजेतही पुष्कळ घरांत आहे. बिल किती झाले याच्याशी या रकमेचा संबंध नसतो. त्यामुळे मेडिक्लेम असला तरी ती वेगळी मिळते आणि सोबत राहणाऱ्याचे जेवण, रिक्षा, बुडालेला रोज असा कोणत्याही बिलात न येणारा खर्च तिच्यातून भागतो. आम्हीही ती याच हेतूने घेतली. तिच्यातला ‘कुटुंब’ हा शब्द मात्र नीट वाचला नाही.

आमच्या पॉलिसीत दिवसाला १,५०० रुपये आणि वर्षाला ३० दिवस अशी मर्यादा आहे. हे ३० दिवस प्रत्येकाचे, असे आम्ही धरून चाललो होतो. प्रत्यक्षात ते सगळ्यांत मिळून आहेत, शिवाय दर वेळी पहिले २४ तास धरले जात नाहीत. अपघातानंतर यजमान २४ दिवस दाखल होते, त्यांचे २३ दिवस मान्य झाले. पुढे मुलाच्या डेंग्यूचे ४ झाले. त्याच वर्षी माझ्या शस्त्रक्रियेचे ८ दिवस भरत असताना उरलेल्या ३ दिवसांचे ४,५०० रुपये हाती आले. सासूबाई तर या ‘कुटुंबा’त नव्हत्याच, पती, पत्नी आणि मुले एवढेच तिथे घर आहे. ‘सगळं घर कव्हर होतं’ असे सांगणाऱ्या एजंटाला दोष देण्यापेक्षा, आम्ही विचारायला हवे होते याचीच मला अधिक रुखरुख वाटते, कारण हप्ता सुरू करताना सासूबाई शेजारीच बसल्या होत्या.

कंपनी बदलली की अटीही बदलतात. काही पॉलिसींत दिवस प्रत्येकाचे स्वतंत्र असतात, काहींत आईवडीलही घेता येतात; मुलांना साधारण २५ वर्षांपर्यंतच संरक्षण असते आणि नव्या बाळाचे नाव कळवून घालावे लागते. मोतीबिंदूसारख्या, सकाळी जाऊन संध्याकाळी घरी परतण्याच्या शस्त्रक्रियेला पुष्कळदा काहीच मिळत नाही, कारण सलग २४ तास दाखल असण्याची अट असते. घरात वयस्कर माणसे असणाऱ्यांनी हे आधी पाहावे.

विमा नियामक प्राधिकरणाने १ जानेवारी २०२४पासून पॉलिसीबरोबर सोप्या भाषेतले माहितीपत्रक देणे कंपन्यांना बंधनकारक केले आहे, आणि ग्राहकाने मागितल्यास ते स्थानिक भाषेतही मिळते. पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांत ती परतही करता येते. पण जिला मराठीतले पत्रक मिळू शकते हेच ठाऊक नाही, ती ते मागणार कशी? म्हणून महाराष्ट्रात हे पत्रक मागण्याची वाट न पाहता मराठीतूनच द्यावे, त्यात संरक्षण असलेल्या प्रत्येकाचे नाव आणि त्याच्या वाट्याचे दिवस पहिल्याच पानावर छापावेत, आणि पहिला हप्ता घेण्यापूर्वी ते पान घरातल्यांना वाचून दाखवावे, अशी माझी आपल्यामार्फत प्राधिकरणाला विनंती आहे.

आपली नम्र,
एक वाचक, मिरज