मेनूवर ताजे चीज, ताटलीत किसलेले मोझरेला

मॉन्ट्रियल, १४ जून २०२५

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : रोझमाँ भागातील आपल्या उपाहारगृहात मेनूप्रमाणे पदार्थ न मिळाल्याबद्दल

महोदय,

स. न. वि. वि.

रविवार, ८ जून रोजी दुपारी पुण्याहून आलेल्या माझ्या बहिणीला घेऊन मी आपल्याकडे जेवायला आले होते. आपल्या कंपनीने चालवायला घेण्याच्या आधीपासून मी या जागेची गिऱ्हाईक आहे. क्युबेकचे साधे, घरगुती जेवण परवडेल अशा दरात इथे मिळते, म्हणूनच तिला मुद्दाम इथे आणले.

आम्ही दोन पुटीन (तळलेल्या बटाट्यांवर चीज आणि गरम सॉस), एक वाटाण्याचे सूप आणि एक पुडिंग शोमर (गोड पाकात भाजलेला साधा केक) मागवले. सूप उत्तम होते. पिवळा वाटाणा नीट शिजून एकजीव झालेला, डुकराच्या खारवलेल्या मांसाची चव बेताची. ते करणाऱ्यांना माझे धन्यवाद जरूर कळवा.

तक्रार पुटीनची आहे. मेनूवर ‘आजचे ताजे चीज कर्ड’, म्हणजे ताज्या चीजचे छोटे गोळे, असे छापले आहे. समोर आले ते किसलेले मोझरेला, सॉसमध्ये वितळून तारा सुटलेले. पुटीनमध्ये बटाटा, सॉस आणि चीज एवढ्या तीनच गोष्टी असतात. त्यातली एक बदलली की पदार्थच वेगळा होतो. ताज्या चीजचा गोळा दाताखाली कुईकुई वाजतो, आणि गरम सॉसने तो मऊ पडला तरी विरघळत नाही. फ्रीजमध्ये ठेवले की हा गुण जातो. म्हणून तर इथे कोपऱ्यावरच्या दुकानातही त्या दिवसाच्या पिशव्या गल्ल्याजवळ, फ्रीजबाहेर ठेवलेल्या दिसतात. म्हणजे ही वस्तू दुर्मीळ नाही, फार महागही नाही. १९५० च्या दशकाच्या अखेरीस हा पदार्थ सांत्र-द्यु-क्युबेक या भागातल्या गावांत रुजला तो आसपास चीजचे कारखाने होते म्हणूनच. बहिणीने आयुष्यात पहिल्यांदा पुटीन खाल्ले आणि तिला हे खोटे पुटीन मिळाले, याचे मला फार वाईट वाटले.

वाढणाऱ्या मुलीला विचारले, तर ती म्हणाली, “हल्ली असेच येते.” दोष तिचा नाही, तिला जे पाठवले जाते तेच ती वाढते.

पुडिंगचेही तेच. १९२९ नंतरच्या महामंदीच्या काळात गरिबांच्या घरी होऊ लागलेला हा पदार्थ. ब्राउन शुगरचा पाक घातला असता तरी माझी हरकत नव्हती, पूर्वापार तसाही करतात. पण मेनूवर मेपल सिरप लिहायचे आणि मक्याचे सिरप ओतायचे, तेही जगातले सुमारे ७० टक्के मेपल सिरप जिथे तयार होते त्या क्युबेक प्रांतात?

बिल ३४.१५ डॉलर, करांसह ३९.२७. कार्डाच्या यंत्राने १५ टक्के टिप ५.८९ दाखवली, म्हणजे करांसकट रकमेवर. ७ मे २०२५ पासून सुचवलेली टिप करापूर्वीच्या रकमेवरच काढण्याचे बंधन आहे. त्याप्रमाणे ती ५.१२ होते. फरक सेंटांचाच, पण तो प्रत्येक गिऱ्हाइकाकडून घेतला जातो.

स्वस्त जेवण साधे असू शकते. मोझरेला वापरायचे असेल तर तसे छापा आणि दर त्याप्रमाणे ठेवा. ज्याला हवे तो खाईल. ताज्या चीजसाठी एक डॉलर जास्त लागला तर मी आनंदाने देईन.

माझ्या मागण्या अशा : दोन्ही पुटीन आणि पुडिंगचे पैसे, म्हणजे करांखेरीज २९.४० डॉलर आणि त्यावरचे कर, परत करावेत. मेनू दुरुस्त करावा किंवा मेनूप्रमाणे पदार्थ द्यावेत. आणि टिपचे यंत्र ताबडतोब नीट करावे. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम २१९ नुसार ग्राहकाला दिशाभूल करणारी माहिती देता येत नाही. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी क्युबेकच्या ग्राहक संरक्षण कार्यालयाकडे तक्रार नोंदवीन.

बिलाची प्रत, मेनूचा आणि ताटलीचा फोटो सोबत जोडला आहे.

कळावे,
आपली एक जुनी ग्राहक