बॅटरी विकण्याआधी गाडी तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा जवळ आला की कोल्हापुरातल्या बॅटरीच्या दुकानांपुढे पिकअप गाड्यांची रांग लागते. हेडलाइट, वायपर आणि काचेवरची वाफ घालवायचा पंखा एकाच वेळी चालू झाले, की उन्हाळाभर कशीबशी तग धरलेली बॅटरी पहाटे सेल्फ मारताना दगा देते. मग मालक घाईघाईने दुकान गाठतो, दुकानदार ‘किती अँपिअरची देऊ?’ एवढेच विचारतो आणि पंधरा मिनिटांत नवी बॅटरी गाडीत बसते. या पंधरा मिनिटांत जे तपासायला हवे ते जवळपास काहीच तपासले जात नाही. अनेक छोट्या वाहतूकदारांना त्याचा भुर्दंड बसतो आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

गेली अकरा वर्षे मी शाहू मार्केट यार्डातून भाजीपाला भरून गगनबावड्यामार्गे कोकणात डिझेल पिकअप नेतो. गेल्या जुलैमध्ये पहाटे पावणेचारच्या सुमारास गगनबावड्यात चहासाठी गाडी बंद केली आणि दहा मिनिटांनी किल्ली फिरवली, तर सेल्फचा नुसता ‘टक्’ असा आवाज आला आणि डॅशबोर्डवरचे दिवे विझत आले. बॅटरी अवघी आठ महिन्यांची होती. हौद्यात टोमॅटोचे क्रेट आणि कोथिंबिरीच्या जुड्या होत्या, वरून पाऊस कोसळत होता. तासाभराने आलेल्या एका पिकअपच्या चालकाने जंपर केबल दिली. लाल केबल बॅटरीला लावून त्याने काळी केबल थेट इंजिनच्या धातूला लावली आणि गाडी पहिल्याच सेल्फला उठली. खरे म्हणजे त्यातच दुखण्याचे मूळ दिसत होते, पण तेव्हा माझ्या ते ध्यानात आले नाही. बाजार हुकला, कोथिंबीर निम्म्या भावाने गेली आणि ‘बॅटरीच खराब निघाली’ असे म्हणत मी परतलो.

ज्या दुकानातून बॅटरी घेतली होती, तिथे मीटर लावून ‘12.1 व्होल्ट दाखवते, गेली ही’ असा निकाल देण्यात आला आणि आधीपेक्षा मोठी, जास्त अँपिअर-अवरची बॅटरी घ्या असे सुचवण्यात आले. पैसे जवळ नव्हते म्हणून मी उद्यमनगरातल्या एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. त्या मामांनी बॅटरीला हात लावण्याआधी इंजिन चालू करायला सांगितले. हेडलाइट आणि वायपर चालू असताना बॅटरीवर 12.8 व्होल्ट भरले. ते म्हणाले, ‘‘बॅटरी चांगली हाय, तिला पोटभर जेवायलाच मिळालेलं न्हाई.’’ इंजिनच्या जोरावर बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचा पट्टा गुळगुळीत होऊन भार आला की घसरत होता. मग त्यांनी मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर, दुसरी इंजिनच्या ब्लॉकवर ठेवली आणि मला सेल्फ मारायला लावला. मीटरने 1.4 व्होल्ट दाखवले. सगळे जोड ठाकठीक असतील, तर हा फरक साधारण 0.3 व्होल्टच्या आत राहायला हवा. इंजिन आणि चेसिस जोडणारी अर्थिंगची विणलेली पट्टी खाली ओली, हिरवट-पांढऱ्या गंजाने भरलेली होती आणि तिच्या निम्म्या तारा तुटलेल्या होत्या. म्हणूनच गगनबावड्यात काळी केबल थेट इंजिनला लावताच गाडी उठली होती. पट्टी आणि पट्टा दोन्ही बदलल्यावर चालू इंजिनावर बॅटरीचे व्होल्टेज त्याच मीटरवर 14.2 दिसले. बॅटरी रात्रभर सावकाश चार्ज केली, लोड टेस्टला, म्हणजे मोठा भार टाकून घेतलेल्या चाचणीला, ती उत्तीर्ण झाली आणि आजही ती माझ्या गाडीत आहे. त्याआधी भंगारात घातलेली बॅटरीही कदाचित अशीच उपाशी असेल, हा विचार मला अजून टोचतो.

उतरलेली बॅटरी आणि मेलेली बॅटरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बारा व्होल्टची पूर्ण चार्ज असलेली बॅटरी काही तास विश्रांतीनंतर 12.6 ते 12.7 व्होल्ट दाखवते, 12.2 म्हणजे ती जवळपास निम्मी रिकामी आणि 12 च्या खाली म्हणजे बहुतेक संपलेली. म्हणजेच 12.1 या आकड्यावरून बॅटरीची भूक कळते, तिचे आयुष्य कळत नाही. ती आधी पूर्ण चार्ज करायची, मग तिच्या सीसीए आकड्याच्या (थंडीत सेल्फ फिरवायला ती किती अँपिअर देऊ शकते त्याच्या) निम्मा प्रवाह पंधरा सेकंद खेचून पाहायचा आणि साधारण 21 अंश तापमानाला व्होल्टेज 9.6 च्या खाली गेले तरच ती बाद ठरवायची, ही जुनी आणि सर्वमान्य पद्धत आहे. मात्र अर्धवट चार्ज स्थितीत बॅटरी आठवडेच्या आठवडे राहिली, तर तिच्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसते आणि ती खरोखरच निकामी होते. त्यामुळे चार्जिंगचा दोष तसाच ठेवून कितीही महाग बॅटरी घातली, तरी तिची तीच गत होणार. मोठ्या बॅटरीने अल्टरनेटर बिघडतो हा समज बरोबर नाही, पण मोठी बॅटरी घातल्याने दुखणे बरे होत नाही, दुखण्याचा दिवस फक्त पुढे ढकलला जातो.

आता निवडीबद्दल. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. हवा इतकी दाबायची की तिच्या उष्णतेनेच डिझेल पेट घेईल, हे त्याचे तत्त्व असल्याने ते फिरवायला त्याच आकाराच्या पेट्रोल इंजिनापेक्षा सेल्फला बराच जास्त प्रवाह लागतो आणि तो काही सेकंदांतच, शेकडो अँपिअरच्या घरात लागतो. इंजिन सुरू होण्याआधी आतली हवा तापवणारे ग्लो प्लग असतील तर त्यांची भूक वेगळी. म्हणून आपल्याकडे ज्या एकाच आकड्यावर सौदा होतो, तो अँपिअर-अवरचा आकडा पुरेसा नाही. 80 अँपिअर-अवर म्हणजे 4 अँपिअरचा भार वीस तास चालवण्याची क्षमता, म्हणजे साठा किती ते त्यातून समजते. तो साठा एका दमात किती जोराने बाहेर येतो, हे सीसीएचा आकडा सांगतो. तो उणे 18 अंश तापमानाला मोजतात, तेव्हा कोल्हापुरात त्याचा काय उपयोग, असे मला एका दुकानदाराने विचारले होते. आपल्याकडे तशी थंडी पडत नाही हे खरेच, पण दोन बॅटऱ्यांची ताकद एका मापाने तोलायची तर हाच आकडा हाताशी आहे. फक्त दोन्हींवरचे आकडे एकाच मानकाचे आहेत ना, एवढे पाहावे, कारण एसएई या अमेरिकी पद्धतीने मोजलेला आकडा डीआयएन या जुन्या जर्मन पद्धतीच्या आकड्यापेक्षा बराच मोठा दिसतो. गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्यापेक्षा कमी मात्र कधीही घेऊ नये.

इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी पिकअपला लावण्याची टूम काही गावांत निघाली आहे. तिच्या प्लेटा जाड असतात, तासन्‌तास थोडा थोडा प्रवाह देण्यासाठी ती घडवलेली असते. सेल्फसाठी पातळ आणि पुष्कळ प्लेटा असलेली बॅटरी लागते. आकडा दीडशेचा दिसला म्हणून ती सेल्फला जोर देईल, असे नाही.

आकार आणि टर्मिनलची बाजूही पाहिली पाहिजे. ट्रेमध्ये सैल बसणारी बॅटरी खालून पाचर ठोकून आणि वरून सायकलच्या ट्यूबने बांधून दिलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे. खडबडीत घाटरस्त्यावर अशी बॅटरी रोज हादरे खाते, प्लेटांवरचे द्रव्य झडते, आतले जोड निखळतात. मूळ क्लॅम्पने घट्ट आवळता येईल अशीच बॅटरी घ्यावी. पॉझिटिव्ह टर्मिनल उलट्या बाजूला आले, तर केबल ताणून बसवावी लागते आणि ती बॉनेटला किंवा पत्र्याला घासून शॉर्ट होण्याचा धोका राहतो.

दुकानात महिनोन्‌महिने पडून राहिलेली बॅटरी आपोआप उतरत जाते, उन्हाळ्यात तर अधिकच. म्हणून बॅटरीवर ठोकलेला उत्पादनाचा कोड दुकानदाराकडून उलगडून घ्यावा आणि विकत घेण्याआधी व्होल्टेज आपल्यासमोर मोजायला लावावे. कोरडी बॅटरी आणून दुकानात आम्ल भरून देत असतील, तर ती चार्ज करून देण्याचा आग्रह धरावा. घाईत ही पायरी वगळली जाते आणि बॅटरीची सुरुवातच अपुऱ्या चार्जवर होते.

आपल्या पिकअपला बहुधा एकच बॅटरी असते, पण काही मोठ्या परदेशी डिझेल पिकअपमध्ये बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या समांतर जोडलेल्या असतात आणि 24 व्होल्टच्या ट्रकमध्ये दोन एकापुढे एक. तिथे एकच बदलून पैसे वाचवायला जाऊ नये. जुनी आणि नवी एकत्र बांधली की जुनी नवीला खाली ओढते. दोन्ही एकाच जातीच्या, एकाच वयाच्या हव्यात.

काही गॅरेजांमध्ये आजही एक घातक सवय दिसते. अल्टरनेटर चालतो का ते पाहण्यासाठी चालू इंजिनावर बॅटरीचा लग (टर्मिनलवर बसणारे केबलचे टोक) काढतात. त्या क्षणी उठणाऱ्या व्होल्टेजच्या झटक्याने अल्टरनेटरचे डायोड जळू शकतात, आणि 1 एप्रिल 2020 पासून विकल्या गेलेल्या बीएस-6 गाड्यांत तर सगळा कारभार इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिटवर चालतो. ज्या तपासणीला मीटर आणि दोन मिनिटे पुरतात, तिच्यासाठी ही जोखीम कुणीही घेऊ नये. बॅटरी बदलताना काळा लग आधी काढावा आणि शेवटी लावावा. जीपीएस, टेप, हौद्यातले दिवे थेट बॅटरीवरून जोडलेले असतील, तर गाडी उभी असतानाही ते बॅटरी खात राहतात. अर्धा अँपिअरसुद्धा दिवसाला बारा अँपिअर-अवर होतो, आणि पुरात रस्ते बंद होऊन गाडी चार-पाच दिवस दारात उभी राहिली की बॅटरी पार तळाला जाते.

वॉरंटीची अटही पैसे देण्याआधी वाचावी. अनेक कार्डांवर पहिले काही महिने मोफत बदली आणि पुढचे महिने वापराच्या प्रमाणात फक्त सवलत असते, आणि व्यावसायिक वाहनांसाठी मुदत कमी असू शकते. बिलावर बॅटरीचा अनुक्रमांक, गाडीचा क्रमांक आणि विक्रीची तारीख लिहून घेतलेली नसेल, तर पुढे भांडण्याला आधार राहत नाही. दाद न मिळाल्यास 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

जुन्या बॅटरीचे काय होते, हाही प्रश्न आपल्या शहराचा आहे. 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करून पुनर्वापरासाठी पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. तरीही फिरत्या भंगारवाल्याकडून चार पैसे जास्त मिळतात म्हणून जुनी बॅटरी त्यालाच दिली जाते, आणि उघड्यावर आम्ल ओतून शिसे काढले की शिसेमिश्रित पाणी गटारातून, जयंती नाल्यातून पंचगंगेला मिळायला वेळ लागत नाही. बिलात जुन्या बॅटरीची वजावट घेऊन ती विक्रेत्याकडेच द्यावी.

शहरातील बॅटरी विक्रेत्यांना माझी विनंती आहे, की पिकअप दुकानासमोर उभी राहिली की आधी इंजिन चालू असतानाचे व्होल्टेज, सेल्फ मारतानाचा अर्थिंगचा फरक आणि जुन्या बॅटरीचा लोड टेस्ट, हे तीन आकडे ग्राहकासमोर घ्यावेत आणि बिलाच्या पाठीमागे लिहून द्यावेत. त्यासाठी वेगळे शुल्क आकारले तरी माझ्यासारखे वाहतूकदार ते आनंदाने देतील. माझ्या गाडीची अर्थिंगची पट्टी आणि पट्टा मिळून जो खर्च आला, तो नव्या बॅटरीच्या किमतीच्या पाव हिस्साही नव्हता.

आपला विश्वासू,
एक पिकअपमालक,
कोल्हापूर