कपडेपटातल्या मावशींना

तीर्थस्वरूप मावशींना,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र मुद्दाम उघड लिहिते आहे. आमच्याबद्दल तुम्ही इतकी वर्षं कुणाजवळ चकार शब्द काढला नाहीत. आता आम्हीच चार लोकांत सांगायचं ठरवलंय, आणि सांगायचं तर सुरुवात तुमच्यापासूनच करायला हवी.

१९८९ चा मे महिना. पुण्यात, सुट्टीतल्या बालनाट्यात आम्ही दोघी राजपुत्र होतो. भूमिका एक, पोरी दोन. एक प्रयोग तिचा, एक माझा. अंगरखाही एकच, निळ्या मखमलीचा. तुम्ही प्रत्येक कपड्याच्या गळ्याला आतून नाडीचा तुकडा शिवायचात आणि त्यावर नाव लिहायचात. या अंगरख्यात दोन नावं होती, वर तिचं, खाली माझं. तिच्या प्रयोगानंतर मी तो चढवायचे तेव्हा रंग उतरवायच्या खोबरेल तेलाचा वास त्याला असायचा. अकरा वर्षांच्या मला तो वास का आवडतो हे कळत नव्हतं, पण आवडायचा.

सात वर्षांनी कॉलेजातून आम्ही पुरुषोत्तम करंडकाला, कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेला, उतरलो. भरत नाट्य मंदिरात तुम्ही उसन्या साड्या घेऊन आला होतात. रंगपटात ती माझी टिकली सरळ करत होती, आणि टिकली सरळ झाली तरी तिचा हात माझ्या गालावरच राहिला. दारात तुम्ही. आम्ही दोघी जागच्या जागी थिजलो. तुम्ही साड्या खुर्चीवर ठेवल्यात, बाहेर जाऊन दार ओढून घेतलंत आणि बाहेरूनच म्हणालात, "दुसरी घंटा झाली, पोरींनो. आवरा."

त्या काळात आमच्यासारख्या बाईबद्दलचं मराठी नाटक आम्हाला एकच ठाऊक होतं, तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट'. १९८१ साली रोहिणी हट्टंगडींनी त्यात मित्रा उभी केली होती. आम्ही फक्त पुस्तक वाचलं, रात्री, चोरून. मित्रा शेवटी जीव देते. माझ्या पिशवीत ते पुस्तक बघून तुम्ही एवढंच म्हणालात, "नाटक आहे हो ते. पडदा पडला की घरी जायचं असतं." मावशी, त्या वर्षी मला त्या वाक्याचा किती आधार झाला हे तुम्हाला कधी बोलले नाही.

पुढचं थोडक्यात सांगते. माझ्या घरी कुणीतरी कानावर घातलं आणि आठवड्याभरात माझं नाटक बंद झालं. तिचं लग्न ठरलं. जायच्या आदल्या संध्याकाळी ती मला भेटायला थिएटरवर आली होती. मीही घरून लपूनछपून तिथे पोहोचले होते, पण विंगेतून बाहेर आले नाही. ती वीस मिनिटं थांबली. तुम्ही तिला पाणी दिलंत. मी काळ्या पडद्याची कड मुठीत धरून सगळं बघत होते आणि मी तिथे आहे हे तुम्हाला दिसत होतं. तरी तुम्ही मला कधी बोल लावला नाहीत. तिचं लग्न मोडलं तेव्हाही मला कळवलं नाहीत, कारण ते सांगायचा हक्क तिचा होता.

मग आला ऑक्टोबर २०२१. कोरोनात बंद असलेली नाट्यगृहं २२ तारखेला पुन्हा उघडली आणि त्याच आठवड्यात तुमचा फोन आला. "ट्रंका दीड वर्ष बंद आहेत, कसर लागली असेल. कपडे उन्हात टाकायला ये." गच्चीवर आले तर डांबरगोळ्यांचा वास, दोरीवर शेले, धोतरं, जिरेटोपाची अस्तरं, आणि दोरीच्या पलीकडे ती. केस पिकलेले, चष्मा. हातात निळा अंगरखा. तिने गळा उलटा करून मला दाखवला. शाई फिकी होऊन जांभळी झाली होती, पण दोन्ही नावं वाचता येत होती. चोवीस वर्षांनी मी तिच्याशी पहिलं वाक्य बोलले ते असं, "मी विंगेत होते." ती म्हणाली, "माहितीये. तुझ्या चपला दिसत होत्या."

तुम्ही खाली चहा टाकायला गेलात तो तासभर वर आला नाहीत.

आमचं लग्न कागदावर होत नाही. २०१८ मध्ये आमच्यासारख्यांच्या नात्यावरचा गुन्हा पुसला गेला, पण सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने लग्नाचा हक्क काही मिळाला नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलं की आमच्यासारख्यांना संयुक्त खातं काढायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला आडकाठी नाही. म्हणून बँकेत गेलो, तुम्ही हट्टाने बरोबर आलात. काउंटरवरच्या मुलीने सरळ मनाने विचारलं, "बहिणी का?" माझी जीभ टाळूला चिकटली. तिचीही. दोघींनी इतकी वर्षं पाठांतरं केली, आणि तिथे एक शब्द फुटेना. तुम्ही काठी काउंटरला टेकवलीत आणि म्हणालात, "जोडीदार आहेत एकमेकींच्या. तसंच लिही, बाळ." तिने लिहिलं.

तो शब्द आमच्याबद्दल मोठ्याने उच्चारलेला मी पहिल्यांदा ऐकला, मावशी, आणि तो तुमच्या तोंडून ऐकला.

अंगरखा आमच्या कपाटात आहे. त्याचे दोन हुक निघालेत आणि मखमलीला आमचा हात धजत नाही. येत्या रविवारी तुमचा सुईदोऱ्याचा डबा घेऊन जेवायला या. जिना चढायचा नाही, आता आम्ही तळमजल्यावर राहतो. अकराला रिक्षा घेऊन ती येईल.

तुमच्या,
दोघी