रिपोर्ट देताना नवरा-बायकोशी बोला

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दरवर्षी २८ जुलैला, जागतिक हिपॅटायटिस दिनाला, यकृत, दारू, खाण्यापिण्याची पथ्यं यावर वर्तमानपत्रांत बरंच छापून येतं. पण घरात कुणाला हिपॅटायटिस सी, म्हणजे विषाणूमुळे यकृताला सूज आणणारा आजार, निघाला की त्या रात्री जो प्रश्न उभा राहतो, त्यावर माझ्या वाचनात कधी काही आलं नाही. आता नवरा-बायकोने जवळ यायचं की नाही? हा प्रश्न डॉक्टरांना विचारायची लाज वाटते, आणि डॉक्टर आपणहून विषय काढत नाहीत. म्हणून हे पत्र.

माझे यजमान रबाळे एमआयडीसीत नोकरीला होते. १९९५ साली ठाणे-बेलापूर रस्त्यावर टेम्पोने त्यांच्या स्कूटरला उडवलं, तेव्हा त्यांना रक्त चढवावं लागलं. हा विषाणू सापडलाच मुळी १९८९ मध्ये. आपल्याकडच्या रक्तपेढ्यांत त्याची तपासणी सक्तीची झाली ती थेट या शतकाच्या सुरुवातीला. मधल्या काळात रक्त घेतलेल्या कितीतरी लोकांनी अजून तपासणी केलेली नसेल. यजमानांचंही हर्नियाच्या ऑपरेशनआधीच्या तपासण्यांत कळलं. तोवर ना कावीळ, ना पोटदुखी. ठाण्यातल्या एका खासगी रुग्णालयात काउंटरवरच्या मुलीने, मागे रांग उभी असताना, 'एचसीव्ही रिअ‍ॅक्टिव्ह' लिहिलेला, म्हणजे हिपॅटायटिस सीची चाचणी पॉझिटिव्ह आल्याचा, कागद माझ्या हातात दिला. "मॅडम, तुम्हीपण टेस्ट करून घ्या आणि जरा काळजी घ्या." कसली काळजी, हे विचारेपर्यंत तिने पुढचा नंबर पुकारला होता.

घरी आल्यावर यजमानांनी आपलं ताट, पेला, टॉवेल स्वतःच वेगळा काढला. रात्री हॉलमधल्या दिवाणावर अंथरूण टाकलं. माझ्याशी बोलताना खाली बघून बोलायला लागले, जणू त्यांनी बाहेर काही केलं होतं. नणंदबाई म्हणाल्या, "वहिनी, पोरीची स्थळं बघायचीत, कुठे बोलू नका." आणि या सगळ्या वेगळेपणात नेलकटर मात्र घरभर एकच, किल्ल्यांच्या जुडग्याला अडकवलेलं. मुलगा घाईत असला की बाबांचंच रेझर उचलायचा. ताटातून हा आजार जात नाही, रेझरवरच्या रक्तातून जाऊ शकतो. काउंटरवर कुणी एक मिनिट थांबून बोललं असतं, तर आमच्या घरात काय वेगळं ठेवायचं नि काय नाही हे त्याच दिवशी ठरलं असतं.

सुदैवाने पुढे वाशीत एक यकृततज्ज्ञ डॉक्टर बाई भेटल्या. त्यांनी दार लावून घेतलं, आम्हा दोघांना समोर बसवलं आणि यजमानांना पहिलंच विचारलं, "तुम्ही दोघं एका खोलीत झोपता ना?" यजमान गप्प. मग बाईंनी सगळं नीट सांगितलं. हा विषाणू रक्तातून पसरतो. मिठी मारल्याने, मुका घेतल्याने, एका ताटात जेवल्याने पसरत नाही. अमेरिकेत अशा पाचशे जोडप्यांचा अभ्यास झाला, तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. ही सगळी एकमेकांशी एकनिष्ठ, वर्षानुवर्षं एकत्र राहिलेली जोडपी, आणि बाधित जोडीदाराला एचआयव्ही नाही. त्यांच्यात शरीरसंबंधातून लागण होण्याचं प्रमाण निघालं जास्तीत जास्त वर्षाला दहा हजारांत सात, म्हणजे साधारण १ लाख ९० हजार वेळा संबंध आले तर एकदा. अशा जोडप्यांना कंडोमची सक्ती करायची गरज तज्ज्ञांना वाटत नाही. मनाच्या समाधानासाठी वापरायचा असेल तर जरूर वापरावा, तो दोघांनी मिळून ठरवावा.

बाईंनी धोका कुठे आहे तेही आडपडदा न ठेवता सांगितलं, आणि तेच मला जास्त मोलाचं वाटलं. पाळीच्या दिवसांत, अंगावर जखम किंवा फोड असताना, रक्त येईल असा संबंध असेल तेव्हा कंडोम हवाच. दोघांपैकी एकाला एचआयव्ही असेल किंवा जोडीदार अनेक असतील तर धोका वाढतो. पुरुषा-पुरुषांतल्या संबंधांतही तो जास्त असतो. रेझर, टूथब्रश, नेलकटर ज्याचं त्याने वापरायचं. हिपॅटायटिस बीची लस आहे, सीची नाही. तेव्हा बीची घेऊन ठेवायची. आमची मुलं मोठी, पण तरुण जोडप्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहिते. उपचारात रिबाव्हिरिन नावाची गोळी असेल तर तेव्हा आणि त्यानंतर निदान सहा महिने दिवस राहू द्यायचे नाहीत, गोळी नवरा घेत असला तरीही. गर्भाला त्याने इजा होते.

माझा रिपोर्ट निगेटिव्ह आला. पंचवीसहून अधिक वर्षांचा संसार, आणि निगेटिव्ह. यजमानांनी तो कागद हातात घेऊन दोनदा वाचला आणि मग शर्टाच्या खिशात ठेवला, मला परत दिला नाही.

उपचार म्हणाल तर सोफोसबुव्हिर आणि डॅक्लाटास्व्हिर या गोळ्या, बारा आठवडे. शंभरातले पंच्याण्णव तरी बरे होतात. २०१८ पासून केंद्र सरकारच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि औषधं मोफत आहेत, तेव्हा पैशांपायी कुणी थांबू नये. गोळ्या संपल्यावर बारा आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासतात. त्यात विषाणू सापडला नाही तर माणूस बरा झाला, आणि त्याच्यापासून कुणालाच लागण होत नाही. पण 'रिअ‍ॅक्टिव्ह'वाली पहिली चाचणी मात्र बरं झाल्यावरही जन्मभर तशीच येते, कारण ती विषाणू नाही तर त्याच्याविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं मोजते. यजमानांना नंतर मोतीबिंदूच्या वेळी याच कारणाने बाहेरच्या बाकावर ताटकळत ठेवलं. विषाणू नसल्याचा रिपोर्ट दाखवला तेव्हा आत घेतलं. तो कागद जपून ठेवावा.

आता माझी मागणी. एचआयव्हीची चाचणी सरकारी केंद्रात करायला गेलं तर आधी आणि नंतर समुपदेशक बोलतो, खोलीत बसवून, हलक्या आवाजात. हिपॅटायटिस सीचा रिपोर्ट देतानाही तसंच व्हायला हवं, आणि खासगी रुग्णालयांनाही ते बंधनकारक करावं. नवरा-बायको दोघांना एकत्र बोलवावं. त्यांच्या हातात मराठीत छापलेला एक कागद द्यावा. त्यावर 'एका अंथरुणात झोपायला हरकत नाही' हे वाक्य स्पष्ट लिहिलेलं असावं, आणि कंडोम कधी लागतो तेही. ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांच्या आरोग्य विभागांना हे करायला वेगळा निधीसुद्धा फारसा लागणार नाही.

पत्र छापल्यास माझं नाव देऊ नये, ही विनंती. मुलीचं लग्न अजून व्हायचं आहे.

– एक वाचक, ऐरोली